झोपण्याची खोली सजवताना

वरळीच्या बीडीडी चाळीतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या वाढल्या. ऑगस्ट 2025 मध्ये तेथील 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. झोपण्याची वेगळी खोली अनेक घरांत पहिल्यांदाच आली. ती सजवताना कर्ज काढून मोठा पलंग आणण्याची घाई करू नये, असे आम्हांला वाटते.

रंग फिका निवडावा. छत पांढरे, भिंती मोतिया ठेवल्या की उजेड खोलीभर पसरतो. पश्चिमेचे ऊन येत असेल तर फिकट निळा डोळ्यांना थंड वाटतो. गडद रंगाची हौस एकाच भिंतीवर भागवावी.

पलंग घेण्यापूर्वी त्याचे माप खडूने जमिनीवर आखून पाहावे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच फुटी पलंग पुरे. बाजूने दोन फूट वाट राहावी. पलंगाला खाली पेटी असली की गोधड्यांची सोय होते. कपाट ओल धरणाऱ्या भिंतीला चिकटवू नये.

खिडकीजवळची जागा मात्र मुलांच्या अभ्यासाच्या टेबलासाठी राखावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा. पलंग लहान असला तरी झोप लागते. पण आपल्या मुलीला अभ्यासाची हक्काची जागा मिळालीच पाहिजे.