चौकटीतला आकडा

सकाळी साडेनऊ
न्हावा शेवा स्टेशनवर उतरणारे आम्ही मोजकेच. बाहेर बंदराकडे निघालेल्या ट्रेलरांची रांग. माझ्या पिशवीत अक्षरकार्डं, एक ताट आणि डबाभर रवा. मी फिरती विशेष शिक्षिका. रोज वेगळी शाळा.

साडेदहा
चौथीतला मुलगा समोर बसतो. क्रेन कंटेनर कसा उचलते ते हातवारे करून सांगतो, एकही पायरी न चुकवता. पुस्तक उघडलं की त्याला तहान लागते.

आज शब्द आहे ‘विहीर’. पहिली वेलांटी ‘व’च्या आधी, दुसरी ‘ह’च्या नंतर, आणि दोन्हींचा आवाज मात्र अक्षरानंतरच. हे कोडं पहिलीत सगळ्यांनाच पडतं. बाकीची मुलं ते कधी सुटलं हेही विसरतात. याला ते दर ओळीत नव्याने सोडवावं लागतं. चिन्ह आणि आवाज यांची गाठ आपोआप बसत नाही, म्हणजेच डिस्लेक्सिया. डोळे चांगले, बुद्धी चांगली. आणि आळशी तर तो मुळीच नाही. एका परिच्छेदासाठी तो जेवढा राबतो तेवढं वर्गात कोणी राबत नसेल.

ताटात रवा पसरते. बोटाने ‘घ’ काढायचा, काढताना मोठ्याने म्हणायचा. ‘ध’ आज नाही. दिसायला सारखी अक्षरं एकदम शिकवली तर गोंधळ आपणच पेरतो.

बारा
वर्गशिक्षिकेला तीन गोष्टी सांगते: अचानक उभं करून वाचायला लावू नका, फळ्यावरचं निम्मंच उतरवू द्या, उत्तर तोंडी घ्या. “मग बाकीच्यांवर अन्याय नाही का होत?” त्या मनापासून विचारतात. चष्मा लावणाऱ्या मुलाबद्दल हा प्रश्न येत नाही, एवढंच मी म्हणते. त्या मान हलवतात, पण पटलेलं नसतं.

दोन
‘र’ची रूपं. ‘क्रेन’मध्ये पोटात तिरकी रेघ, ‘ट्रेलर’मध्ये ‘ट’च्या पायाशी, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर. ‘सूर्य’वर अडतो, कारण रफार बसलाय ‘य’वर आणि उच्चारायचा त्याच्या आधी. थांबतो. मी सुचवत नाही. बराच वेळ जातो. मग तो टाळी वाजवत तोडतो: सूर्‌, य. पुन्हा वाचतो.

साडेचार
वडील येतात, कामावरच्या बुटांनिशी. कंटेनरांची नोंद ठेवण्याचं काम करतात. “म्याडम, मी पन असाच होतो. मना मास्तर कोपऱ्यात उभा करायचे.” हे घराण्यात उतरतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळतंय.

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होते, एकापेक्षा जास्त खेपा लागतात. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जास्तीचा वेळ मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण जात नाहीत. राज्यात या तरतुदी 1996पासून आहेत. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. ‘सवलत’ हा शब्द ऐकून ते खाली बघतात. पोरगं कमी दिसेल, ही भीती.

मी त्यांना कंटेनरचा नंबर कसा असतो ते विचारते. चार अक्षरं, सहा आकडे, आणि शेवटी चौकटीत एक आकडा. तो कशाला? “आधीच्या सगल्यांचा हिशोब करून तो काढतात. 54चा 45 झाला तं शेवटचा जुलत नाय, चूक सापडते.”

जगभरच्या बंदरांनी गृहीत धरलंय की मोठी, शिकलेली माणसं आकडे उलटसुलट करणारच. म्हणून तो आकडा कंटेनरवरच रंगवलेला असतो, आणि टिपणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. ते काही वेळ गप्प राहतात. मग खिशातून नोंदवही काढून सायनचा वार लिहून घेतात. दोनदा तपासतात.

सहा
परतीच्या गाडीत कार्डं कापते. पुढच्या वेळी ‘तऱ्हा’ घ्यायचा आहे, ‘र’चं चौथं रूप. ‘ध’ अजून आठवडाभर तरी नाही.