निऑन : अबोल वायूचा नारिंगी प्रकाश

एखादा पदार्थ ओळखायचा, तर रसायनशास्त्रज्ञ त्याला दुसऱ्या पदार्थाशी भिडवून पाहतो. आम्ल घालतो, तापवतो आणि काय बदल होतो त्यावरून निष्कर्ष काढतो. पण ज्या वायूला रंग नाही, वास नाही आणि जो कोणाशीच संयोग पावत नाही, त्याची ओळख कशी पटवायची? निऑनच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर प्रकाशाने दिले.

जून १८९८. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स हे हवेतून मिळवलेला आरगॉन द्रवरूप करून त्याचे घटक वेगळे करीत होते. त्यातून आधी उडून आलेला हलका वायू त्यांनी काचेच्या नळीत भरला आणि वीज सोडली. नळी लालभडक उजळली. वर्णपटात दिसलेल्या रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नव्हत्या. ‘नवा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला निऑन हे नाव मिळाले. हवेच्या एक लाख भागांत तो दोन भागही भरत नाही.

निऑनच्या अणूत १० इलेक्ट्रॉन असतात : आतल्या कक्षेत २ आणि बाहेरच्या कक्षेत ८. बाहेरची कक्षा पूर्ण भरलेली, म्हणून देणे नाही आणि घेणेही नाही. हा अलिप्तपणाच त्याच्या उजळण्याला उपयोगी पडतो. जाहिरातीच्या नळीत तो अगदी कमी दाबाने भरतात आणि दोन टोकांमध्ये काही हजार व्होल्ट लावतात. वायू विरळ असल्याने मोकळ्या इलेक्ट्रॉनांना धावून वेग घ्यायला जागा मिळते. नायट्रोजनसारखा रेणू असता, तर धडकेतली थोडीथोडी ऊर्जा तो स्वतःच्या थरथरण्यात जिरवून टाकता. निऑनचा सुटा अणू अशी किरकोळ ऊर्जा घेतच नाही. धडकणाऱ्या इलेक्ट्रॉनाजवळ १६ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जा असेल, तरच त्याचा एखादा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो. तो टप्प्याटप्प्याने खाली उतरताना ऊर्जेतला फरक प्रकाश म्हणून बाहेर पडतो. या टप्प्यांची उंची ठरलेली असल्याने रंगही ठरलेला : प्रामुख्याने ५८५ ते ७०३ नॅनोमीटर, म्हणजे पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत. डोळ्याला हे मिश्रण नारिंगी-तांबडे दिसते.

डिसेंबर १९१० मध्ये जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात अशा नळ्या झळकवल्या आणि पुढे ‘निऑन साइन’ हा शब्द रूढ झाला. मात्र निळ्या नळीत बहुधा आरगॉन आणि पाऱ्याची वाफ असते. निऑन नळीचे नाव सांगतो, पण रंग उसना देत नाही.

आता बाजारातले फलक एलईडीचे झाले आहेत. तरी घरातल्या साध्या टेस्टरमध्ये निऑन अजून टिकून आहे. टोक फेजला लावून मागच्या टोपीवर बोट ठेवले, की मोठ्या रोधातून आणि आपल्या शरीरातून अगदी क्षीण प्रवाह वाहतो. तेवढा त्या इवल्या दिव्याला पुरतो. दिवा लागला, तर वीज आहे. पण लागला नाही, म्हणजे वीज नाहीच, असे मानू नये. दिवा बिघडलेला असू शकतो किंवा पायाखाली कोरडे लाकूड असू शकते. दिवाळीच्या माळांची तार हाताळण्यापूर्वी टेस्टर चालू असलेल्या सॉकेटात तपासावा, आणि मग मेन स्विच बंद करूनच कामाला लागावे.