काळ्या बुरशीत जबडा गेला, तो परत बसवता येतो का?

2021 च्या दुसऱ्या लाटेत कोरोनातून वाचलेल्या कितीतरी लोकांना काळ्या बुरशीने गाठले. शुगर वाढलेली, त्यात स्टेरॉइड. बुरशीने वरच्या जबड्याचे हाड सडवले आणि जीव वाचवायला डॉक्टरांनी ते काढले. आमच्या सात रस्ता भागातही असे लोक आहेत. टाळूला भोक पडल्याने पाणी नाकातून येते, बोलणे समजत नाही, दावतीला बोलावले तरी येत नाहीत. जान वाचली, अल्लाहचे शुक्र, एवढ्यावर गप्प बसलेत. पुढचा इलाज आहे, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलेच नाही.

आधी चेहऱ्याचा सीटी स्कॅन होतो. त्यावरून कॉम्प्युटरवर कवटी उभी करतात. एक बाजू शाबूत असेल तर तिच्यावरून गेलेल्या बाजूचा आकार घेतात. मग मशीनमध्ये टायटॅनियमच्या पावडरचा पातळ थर पसरतात, लेसर हवी तेवढीच वितळवतो, त्यावर पुन्हा थर. मागावर चादर धाग्याधाग्याने चढते ना, तसेच. हा तुकडा गालाच्या मजबूत हाडाला स्क्रूने बसवतात आणि त्यावर दात लागतात. 2011 मध्ये नेदरलँड्समध्ये 83 वर्षांच्या एका बाईंना अख्खा खालचा जबडा असा छापून बसवला, वजन फक्त 107 ग्रॅम! त्यांचेही हाड इन्फेक्शननेच खराब झाले होते.

शरीरात धातू चालतो का, असे काही बुजुर्ग विचारतात. फतवा देणे आलिमांचे काम, आमचे नाही. पण हदीसमध्ये हजरत अरफजा रजि. यांचा किस्सा आहे. लढाईत नाक गेले, चांदीचे लावले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा हुजूर सल्ल. यांनी त्यांना सोन्याचे लावायला सांगितले. एरवी सोने पुरुषांना मना आहे, हे ध्यानात घ्या.

मात्र घाई नको. बुरशी पूर्ण गेल्याची खात्री आणि शुगर ताब्यात, याशिवाय हे ऑपरेशन होत नाही. नंतरही इन्फेक्शनची भीती असतेच, म्हणून तोंडाची सफाई आणि तपासणी चालू ठेवावी लागते. खर्च लाखांत जातो. महात्मा फुले योजनेत 2021 मध्ये काळ्या बुरशीचा इलाज घेतला होता. जबड्याचे काय, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. पैसा नसेल तर टाळूचे भोक झाकणारी काढघालीची प्लेट दाताचे डॉक्टर बनवून देतात. तेवढ्यानेही खाणे-बोलणे पुष्कळ सुधारते.

आणि ऑपरेशनआधीच्या सीटी स्कॅनची सीडी घरात असेल तर रद्दीत टाकू नका. मूळ हाड कसे होते, ते त्यातच दिसते.