संगणकाचा पहिला कारभारी

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत आत काय चालते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. लिनक्स प्रणालीत प्रथम 'कर्नल' हा गाभा जागा होतो व तो एकच कार्यक्रम सुरू करतो. या कार्यक्रमाचा क्रमांक १, नाव 'इनिट'. पुढची सारी कामे हा इनिट मार्गी लावतो. मोठ्या वाड्यातला कारभारी सर्वांआधी उठून दारे उघडतो, गड्यांना कामे नेमून देतो, तसाच हा.

पुष्कळ वर्षे हे काम 'सिसव्हीइनिट' करीत असे. प्रत्येक सेवेसाठी एक छोटी आज्ञावली. त्या ठरलेल्या क्रमाने चालवावयाच्या, एवढीच त्याची रीत. २०१० साली 'सिस्टिमडी' हा नवा कारभारी आला. तो अनेक कामे एकाच वेळी सुरू करतो व कोणते बंद पडले यावर नजरही ठेवतो. मात्र त्याच्याबरोबर नोंदवही, माणसांची ये-जा, अशी इतर खातीही एका छपराखाली आली. डेबियन या मोठ्या लिनक्स वितरणाच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये यावर चार विरुद्ध चार अशी मते पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. एप्रिल २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून तोच नेमाचा कारभारी ठरला.

दोहोंत श्रेष्ठ कोण, याचा निवाडा आम्हांला येथे करावयाचा नाही. ज्यांना जुनाच कारभारी ठेवावयाचा आहे, त्यांची अडचण कोठे होते, एवढेच पाहू. ती रोजच्या कामात फारशी जाणवत नाही. ती उभी राहते नवी आवृत्ती घेताना.

लिनक्समधील प्रत्येक कार्यक्रम आपल्याला कशाची गरज आहे, याची यादी जवळ बाळगतो. पडद्यावरच्या चित्रमय व्यवस्थेला, कोण आत आले व कोण बाहेर गेले, हे सांगणारा 'लॉगिंड' लागतो; तो सिस्टिमडीच्या घरचा. त्याच्याऐवजी चालणारा 'इलॉगिंड' स्वतंत्रपणे मिळतो खरा, परंतु दोघे एका घरात नांदत नाहीत. आवृत्ती बदलताना एखाद्या नव्या कार्यक्रमाने मूळ लॉगिंडच मागितला, की 'ॲप्ट' हे साधन हिशेब मांडते : एक तर जुना इनिट काढा, नाही तर चित्रमय व्यवस्था काढा. ओल्याबरोबर सुके जळते, ते असे. शेकडो नावांच्या यादीत ही ओळ नजरेतून सुटली आणि आपण 'हो' म्हटले, की पुढच्या वेळी संगणक उघडतो तो निराळ्याच कारभाऱ्याच्या हाताखाली.

दुसरी अडचण अधिक मुकी आहे. एखाद्या सेवेची जुनी आज्ञावली कोणी तपासेनासे झाले, की सांभाळणारा ती वगळतो. यात दुष्टावा नसतो. जे आपण वापरीत नाही त्याची हमी कशी द्यावी? पण जुन्या इनिटवाल्याची ती सेवा नव्या आवृत्तीत आपोआप सुरू होत नाही. अशा टाकलेल्या आज्ञावल्या गोळा करून डेबियनमध्ये एक गठ्ठा बांधला गेला आहे. त्याच्या नावातच 'ऑर्फन', म्हणजे अनाथ, हा शब्द आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये डेबियनच्या सभासदांनी पुन्हा मते दिली : सिस्टिमडी मुख्य, पण पर्यायांच्या शोधाला पाठिंबा. ज्यांना एवढ्याने भागणार नव्हते, त्यांनी आधीच वेगळी चूल मांडली होती. त्यांच्या 'देवुआन' वितरणाची पहिली पक्की आवृत्ती मे २०१७ मध्ये निघाली.

म्हणून जुना कारभारी ठेवणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात : आधी संपूर्ण प्रत काढून ठेवावी, ॲप्टला प्रत्यक्ष बदल न करता नुसती रंगीत तालीम करावयास सांगावे, आणि काय येणार यापेक्षा काय जाणार, ही यादी सावकाश वाचावी.

ठरावाने पर्यायाला परवानगी मिळते. आयुष्य मिळत नाही. ते मिळते रोज कोणीतरी बसून तपासणी व दुरुस्ती केली तरच. वेगळी निवड करण्याचा हक्क ज्याला हवा, त्याने त्या निवडीच्या निगराणीत आपला वाटा उचललाच पाहिजे. संगणकाबाहेरही हे तितकेच खरे आहे, असे आम्हांला वाटते.