समुद्र पाहा, सातबाराही पाहा

रत्नागिरीत मांडवीला घर असावं, असं मलाही वाटे. समोर समुद्र, लांबवर रत्नदुर्ग, गल्लीत शांतता. एक जुनं घर पसंत पडलं. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची अकरा नावं. निम्मी मंडळी मुंबईत. "सगळे सह्या देतील," मालक म्हणाले. वकिलांनी तीस वर्षांचे दस्त तपासले, तेव्हा कळलं, की सासरी गेलेल्या एका बहिणीचं नाव वारसनोंदीत घातलेलंच नाही. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या कायदादुरुस्तीनं मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. तिच्या सहीवाचून खरेदीखत केलं असतं, तर पुढे दावा ठरलेला. मी इसार दिला नाही. किनाऱ्याजवळ भरतीरेषेपासूनचं अंतरही मोजून घ्यावं. तिथं बांधकामावर सीआरझेडची बंधनं असतात. शांत जागेत निवांत झोप हवी, तर आधी कागद बघावेत.