टोमणा आठवतो, चूक आठवत नाही

रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यांतील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघालं. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, पण पुस्तकातली कडू पानं त्याहून कितीतरी जुनी आहेत. १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन ही मुलगी पुण्याच्या घरात आली. नवऱ्याने तिला लिहावाचायला आणि पुढे इंग्रजीही शिकवायला घेतलं आणि माजघरातल्या वडीलधाऱ्या बायकांचं टोचून बोलणं सुरू झालं. मुलींच्या हायस्कूलसाठी भरलेल्या सभेत तिने इंग्रजी निवेदन वाचलं, तेव्हा तर घरात कहर झाला. उलट उत्तर द्यायची सोय नव्हती. पंचवीस-तीस वर्षांनी लिहायला बसल्यावर मात्र कोण काय बोललं, कुठल्या प्रसंगी बोललं, हे सगळं जसंच्या तसं कागदावर उतरलं.

स्वतःवरची टीका माणूस जन्मभर विसरत नाही, असं आपण म्हणतो आणि रमाबाईंचं पुस्तक त्याचा पुरावा वाटतं. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र बरोबर उलटं दिसतं.

साउथॅम्प्टन विद्यापीठाचे कॉन्स्टंटाइन सेडिकिडीज आणि त्यांचे सहकारी जेफ्री ग्रीन यांनी २००० साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना वागणुकीबद्दलची छोटी वाक्यं वाचायला दिली. काही चांगली, काही वाईट. काही विश्वासूपणा, दयाळूपणा अशा जिव्हाळ्याच्या गुणांबद्दल, तर काही फारसं कुणाचं अडत नाही अशा किरकोळ गुणांबद्दल. निम्म्यांना सांगितलं की हे तुमच्याबद्दल आहे, बाकीच्यांना सांगितलं की हे क्रिस नावाच्या कुणाबद्दल आहे. मग मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन, आठवेल तेवढं लिहा म्हटलं. क्रिसची गुपितं फोडण्याची सवय वाचणाऱ्यांच्या नीट लक्षात राहिली. तीच सवय स्वतःच्या नावावर आली की आठवेना. किरकोळ गुणांवरची टीका मात्र तशी गळाली नाही. म्हणजे स्मरणशक्ती सरसकट कच्ची नव्हती. जिथे वर्मी लागत होतं नेमकं तिथेच ती रिकामी होती.

यातला मला सगळ्यात बोलका वाटलेला तपशील वेळेचा आहे. प्रत्येक वाक्य जेमतेम वाचून होईल एवढाच वेळ दिला, तर हा फरक उरत नाही. सावकाश वाचू दिलं की मात्र लख्ख दिसतो. टीका बाजूला सारायलाही मनाला सवड लागते! एरवी नवी माहिती मिळाली की आपण ती जुन्या आठवणींशी जोडतो आणि त्या धाग्यानेच पुढे ती वर ओढून काढतो. नकोशा वाक्याला हा धागा बांधलाच जात नाही. पण ते पुसलं जातं असंही नाही. पुढच्या अभ्यासांत ती वाक्यं पुन्हा समोर ठेवून ‘हे वाचलं होतं का?’ असं विचारलं, तर लोक ती ओळखतात. माल गोदामात असतो, यादीत नसतो.

मार्कांचंही तसंच. हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकन कॉलेजच्या मुलांना शाळेतल्या श्रेणी आठवायला लावल्या आणि मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या. ‘ए’ श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवली, ‘डी’ फक्त २९ टक्के वेळा. चुका बहुतेक वरच्या दिशेने. दहावीचे मार्क ऐकवणाऱ्या काकांकडे गुणपत्रिका मागून बघावी, म्हणजे पुण्यातही हा प्रयोग होईल.

मग रमाबाईंचं काय? माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. घरातल्या बायका ज्याला दोष म्हणत होत्या, ते शिकणं रमाबाईंच्या लेखी दोष नव्हतंच. त्या टोमण्यांनी त्यांच्या स्वतःविषयीच्या समजुतीला धक्का लागत नव्हता, उलट ती पक्की होत होती. समाजसुधारक आगरकरांचंही असंच. त्यांच्या हयातीतच पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. ती गोष्ट आगरकरांची थोरवी सांगण्यासाठीच आपण आजवर सांगत आलो. जी टीका चुकीची आहे असं आपण ठरवून टाकलेलं असतं, ती मिरवता येते आणि मिरवली की टिकते. खरी असण्याची धास्ती असलेली टीका कुणी चारचौघांत सांगत नाही, आणि न सांगितलेलं विरत जातं. आत्मचरित्रं वाचताना ही चाळणी ध्यानात ठेवलेली बरी.

पण रमाबाईंच्या पुस्तकात दुसरीही एक नोंद आहे: रानडे नाराज झाले, त्यांनी अबोला धरला, असे प्रसंग. ही नाराजी त्यांना परक्याची वाटणं शक्यच नव्हतं. प्रयोगही हेच सांगतात. ग्रीन यांच्या २००९च्या अभ्यासात, टीका जवळच्या माणसाकडून आली आहे असं मानलं की ती विसरण्याची ओढ नाहीशी झाली. आधी सुधारणेचा विचार मनात जागा केला तरी तेच घडलं. हा गुण बदलता येण्यासारखा आहे असं वाटत असेल, तरी उणीव लक्षात राहते. उदास मनःस्थितीतल्या लोकांत तर हे संरक्षक विसरणं आढळत नाही. त्यांना चांगल्याइतकंच वाईटही आठवतं, आणि ते काही सुख नव्हे.

रोजच्या कामातही हे लागू पडतं. पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत वर्षाकाठी अप्रेजल होतं. ‘तुम्ही बेजबाबदार आहात’ हे वाक्य तिथे वाया जाण्याची शक्यता जास्त, कारण ते थेट स्वभावावर बसतं आणि त्याचं काय करायचं ते सांगत नाही. ‘मंगळवारचा रिपोर्ट न तपासता पाठवलात’ याला निदान पुढच्या मंगळवारचा धागा तरी असतो. स्वतःपुरता इलाज हवा असेल तर डार्विनचा आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी माहिती मनातून लवकर निसटते, हे त्याला अनुभवाने कळलं होतं. म्हणून असं काही नजरेस पडलं की तो ते लगेच टिपून ठेवी, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, त्याच्या सिद्धांतावर पुढे जे आक्षेप आले, त्यांतले फार थोडे त्याने आधी टिपलेले नव्हते.