व्हॅनचे दार आणि तेलाची बाटली

सकाळी सातच्या सुमारास गल्लीत ‘खर्रर्र... धाड!’ असा आवाज आला, की शाळेची व्हॅन आली हे घड्याळ न बघताही कळते. मारुतीची ही सरकत्या दाराची गाडी १९८४ मध्ये रस्त्यावर आली, पुढे ‘ओम्नी’ म्हणून ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज धावणारी सर्वांत नवी ओम्नीही आता जुन्या गाड्यांतच मोजायची. हिंदी सिनेमाने तिला अपहरणाची गाडी करून टाकले. प्रत्यक्षात तिचे आयुष्य गेले भाजी, रुग्ण आणि शाळकरी मुले वाहण्यात. एका फेरीत आठ-दहा थांबे धरले, तरी मुले नेताना आणि सोडताना मिळून ते दार वीसेक वेळा उघडते आणि तितक्याच वेळा आपटते.

दार अडायला लागले, की बहुतेक जण दोन गोष्टी करतात. आधी जोर वाढवतात आणि मग तेलाची बाटली काढतात. दुखणे वाढते ते या दोन्हींमुळेच.

सरकते दार बिजागरीवर फिरत नाही, ते रोलरवर चालते. एक रोलर वर छताजवळच्या पट्टीत, एक खाली पायरीजवळच्या पट्टीत आणि एक मध्ये, गाडीच्या बाहेरच्या अंगाला मागच्या काचेखाली जी लांब खाच दिसते तिच्यात. वरचा मुख्यतः दिशा धरून ठेवतो. वजन पेलण्याचे काम खालच्या आणि मधल्या रोलरचे. समजा, दार २० किलोचे आहे. लोखंडावर लोखंड कोरडे घासत ते ओढायचे झाले, तर दहा-बारा किलो वजन उचलण्याइतका जोर लागेल. तेच वजन चांगल्या बॉल बेअरिंगवर फिरू लागले, की घर्षण शंभर पटींहूनही कमी होते. व्हॅनच्या दारात प्रत्यक्ष फरक इतका पडत नाही, कारण रोलर पट्टीच्या कडांना थोडेफार घासतोच. पण रोलर फिरतो आहे की नुसता फरफटतो आहे, यावरच सारे ठरते.

तो फरफटू लागतो धुळीमुळे. खालची पट्टी म्हणजे मुलांच्या बुटांखालची जागा. मैदानातली वाळू, पेन्सिलीची सोलपटे, शेंगांची टरफले, वेफर्सचा चुरा सगळे तिथेच साचते. यातली वाळू सर्वांत वाईट. वाळूतले क्वार्ट्‌झ काठिण्याच्या दहा अंकी मोहस मापावर ७ वर येते, तर साधे पोलाद चार-साडेचारच्या आसपास. म्हणजे वाळूचा कण लोखंडाला ओरखडतो, लोखंड त्याचे काही बिघडवू शकत नाही. त्या वाळूवर तेल ओतले, की दोन दिवस दार मऊ चालते आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात पट्टीत तयार झालेली असते पॉलिश करायची लुगदी. ओले तेल नवी धूळ धरून ठेवते आणि प्रत्येक फेरीला रोलर थोडा थोडा झिजतो.

त्यातही तेल स्वयंपाकघरातले असेल, तर आणखी गंमत. शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून घट्ट होत जाते. कढईच्या कडेला जो चिकट, तपकिरी थर बसतो तोच हा प्रकार. खोबरेल तेल तसे लवकर चिकटत नाही, पण ते २४-२५ अंशांखाली गोठते. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते, हे घरोघरी ठाऊक असते. मग दाराच्या पट्टीतले खोबरेल पहाटे साडेसहाला पातळ राहील कसे? दुपारी नीट चालणारे दार सकाळीच का अडते, याचे उत्तर कधी कधी इतके साधे असते.

गंज सोडवणारे डबाबंद फवारेही लोक वंगण समजून मारतात. त्यात मोठा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो. अडकलेला नट सोडवायला किंवा जुना मळ मऊ करायला ते उत्तम, पण रोलरच्या बेअरिंगमध्ये शिरले तर आतले ग्रीस धुऊन काढतात. ग्रीस म्हणजे एका अर्थी साबणात मुरवलेले तेल. लिथियमच्या साबणाचे धागे स्पंजासारखे तेल धरून ठेवतात आणि दाब पडेल तसे थोडे थोडे सोडतात. म्हणून उभ्या-आडव्या पट्टीत ते टिकते, ओघळत नाही.

तेव्हा खरी दुरुस्ती सुरू होते कोरड्या ब्रशने. तिन्ही पट्ट्यांतला कचरा आधी कोरडाच काढायचा; घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फारच छान. मग जुना दातांचा ब्रश, द्रावकात भिजवलेली चिंधी, आणि चिंधी काळी निघायची थांबेपर्यंत पुसणे. हे काम मोकळ्या हवेत, विडी-सिगारेटपासून लांब करावे. या कंटाळवाण्या अर्ध्या तासाला दुसरा पर्याय नाही. पट्टी कोरडी झाल्यावर लिथियम ग्रीसचा बोटभर, अगदी पातळ थर पुरतो. बाहेरच्या पट्टीत तर तो दिसलाच नाही पाहिजे. रबरी बीडिंगला मात्र ग्रीस किंवा तेल लावू नये, खनिज तेलाने बहुतेक रबर फुगते आणि मऊ पडते. तिथे सिलिकॉन चालते; तेही कापडावर घेऊन, फवारून नव्हे. पायरीवर उडालेले सिलिकॉन म्हणजे पहिल्याच मुलाची घसरगुंडी.

साफसफाईनंतरही आवाज राहिला, तर तो नीट ऐकावा. बारीक, उंच ‘कुईं’ हा अडक-सरकीचा आवाज असतो. पृष्ठभाग क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. सारंगीच्या गजाला राळ लावून हेच मुद्दाम घडवतात. दर सात-आठ सेंटिमीटरवर ‘टक’ होत असेल, तर रोलरची एक बाजू चपटी झाली आहे, कारण अडीच सेंटिमीटर व्यासाचा रोलर तेवढ्या अंतरात एक फेरा पुरा करतो. आवाज दर वेळी एकाच जागी येत असेल, तर पट्टीला पोच आहे. आणि दार अर्धे उघडून त्याची मागची कड वर उचलल्यावर ती खालीवर हलत असेल, तर मधला रोलर गेला आहे. तो बदलावाच लागतो.

हे शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर. रोलर झिजला, की दार मागून लोंबते आणि त्याचे कुलूप खांबावरच्या कडीशी जुळत नाही. मग चालक दार आपटतो. आपटल्याने कडी आणखी हलते, रोलर आणखी झिजतो. दाराचे कुलूप सहसा दोन टप्प्यांत बसते. पहिल्याच टप्प्यावर अडकलेले दार बाहेरून बंद दिसते, पण चालत्या गाडीत खडखडते. त्या दाराला पाठ टेकून एखादे मूल बसलेले असते. ही खडखड ‘जुनी गाडी आहे’ म्हणून सोडून द्यायची नसते.

चालकाचा खांदाही यात भरडतो. आसनावरूनच मागे वळून, हात लांब करून दार ओढले, की त्या जोराचा पीळ खांद्याच्या स्नायूबंधांवर पडतो. हात जितका लांब, तितका हा पीळ मोठा. खाली उतरून, दाराजवळ उभे राहून ते सरकवले, तर तोच जोर सुसह्य होतो आणि बोटे कुठे आहेत तेही दिसते.

बोट सापडलेच, तर ते लगेच थंड पाण्याखाली धरावे आणि हात उंच ठेवावा. नख उचकटले असेल, बोट वाकत नसेल किंवा वाकडे दिसत असेल, तर एक्स-रे काढायला हवा. मुलांमध्ये नखाखालच्या हाडात वाढीचा भाग असतो. तिथली उघडी जखम साधी समजून हळद लावून बांधली, तर हाडापर्यंत संसर्ग जाऊ शकतो.

दार गुळगुळीत चालू लागल्यावर आणखी एक तपासणी उरते, ती सहसा कोणी करत नाही. बहुतेक व्हॅनमध्ये पूर्ण उघडलेले दार जागेवर राहावे म्हणून एक अडकवण असते. दार जड चालत असताना तिच्यावाचून अडत नाही, घर्षणच तिचे काम करते. दुरुस्तीनंतर मात्र उतारावर उभ्या गाडीचे तेच दार आपोआप पुढे येते, आणि तेही आवाज न करता. म्हणून गाडीचे तोंड उताराकडे करून, दार पूर्ण उघडून, हात काढून घ्यावा आणि ते थांबते का पाहावे. मुले बसवण्याआधी.